मिक्स आहेत, निम्मे-निम्मे निघतील

आमच्या परसात सध्या कोंबडीची दहा पिल्लं आहेत आणि प्रत्येकाच्या डाव्या पायात वेगळ्या रंगाचा केबल टाय आहे. रविवारी सकाळी चहा झाला की मी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) घेऊन पाटावर बसतो, मुलगी वही घेऊन पायरीवर बसते, आणि एकेक पिल्लू पकडून आम्ही त्याचा तुरा मोजतो. बायको आतून विचारते, सहा दिवस कंपनीत हेच करून पोट भरत नाही का?

नाही भरत. रबाळे एमआयडीसीत एकोणीस वर्षं इनकमिंग क्वालिटीत आहे. बाहेरून आलेला माल उघडायचा, त्यातले नग उचलायचे, मोजायचे, लॉट घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं. व्हर्नियर माझी स्वतःची आहे, कंपनीची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं ते मात्र विचारू नका.

गेल्या महिन्यात नात्यातल्या दोघांनी वेगवेगळ्या वेळी फोन करून एकच प्रश्न विचारला. "आठ-दहा पिल्लं घ्यायची म्हणतोय, त्यात कोंबड्या किती निघतील रे?" दोघांना फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. उत्तर एका वाक्याचं आहे, पण त्या वाक्यापर्यंत यायला मला तीन लॉट लागले.

घर घणसोली गावठाणात. एका बाजूला काकांची चार मजली, दुसऱ्या बाजूला चुलतभावाची पाच मजली, मध्ये आमचं बैठं घर, मागे बारा बाय वीसचं परसू. त्यात एक शेवगा आणि एक बंद पडलेली बोअरिंग. सिडको यायच्या आधी याच दारात आईच्या वीस-पंचवीस कोंबड्या असायच्या. खुडूक कोंबडीला पाटीत पेंढा घालून अंड्यांवर बसवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं. तेव्हा कोणी मोजलं नाही किती नर, किती माद्या. माद्या राहायच्या, नर सणावाराला जायचे, हिशेब आपोआप जुळायचा. पिल्लं पैसे देऊन आणायची ही गोष्ट आमच्या घरात माझ्यापासून सुरू झाली, आणि फसवणूकही.

पहिला लॉट रंगीत होता. मुलगी तेव्हा बालवाडीत. स्टेशनबाहेर एक माणूस टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं घेऊन बसलेला. दहाला एक. चार घेतली. दोन आठवड्याच्या आत गेली, हिरवी आणि एक गुलाबी. उरलेल्या दोघांचा रंग पंधरा दिवसांत उडाला, खालून पांढरी पिसं आली, आणि चार महिन्यांनी दोन उंच, सडपातळ, अंगावर मांस नसलेले पांढरे कोंबडे दारात फिरू लागले. मी म्हटलं, असेल. दोन नाणी उडवली, दोन्ही छापा पडला. चारातून एकदा होतंच.

त्यानंतर बरीच वर्षं काही पाळलं नाही. एकदा मनात आलं तेव्हा नेमका फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला, ठाणे जिल्ह्यात सगळीकडे घबराट, आईनेच नको म्हटलं.

दुसरा लॉट घेतला मुरबाडच्या बाजूला. बायकोच्या मामेबहिणीच्या हळदीला गेलो होतो, वाटेत आठवडी बाजार लागला. दुपारचा दीड वाजलेला. जाळीच्या दोन क्रेटमध्ये दीड महिन्याची गावरान पिल्लं, एकशेवीसला एक. एक क्रेट रिकामाच होता, दुसऱ्यात पंधरा-सोळा उरलेली. विचारलं, नर किती, मादी किती?

"मिक्स आहेत साहेब. निम्मे-निम्मे निघतील."

आठ घेतली. आणि घेताना मी काय केलं ते सांगतो, कारण ते आता आठवलं की कानशिलं गरम होतात. मी माल निवडला. एकोणीस वर्षांची नजर! ताठ मानेचं घे, जाड पायाचं घे, हात घातल्यावर पळून न जाता चोच मारतंय ते घे. कोपऱ्यात दबून बसलेली, बारीक पायाची मी बाजूला सारली. विक्रेता पण म्हणाला, साहेबांना पारख आहे.

घरी आलो. आईने डालगं उचललं, एक नजर टाकली आणि परत ठेवलं. "सगले कोंबरेच आनलेस रं."

"मिक्स आहेत," मी म्हटलं.

"दुसऱ्यांनी निवरून नेलं, आन् उरलेलं तुना दिलं."

आठातले सात कोंबडे निघाले. आठवी कोंबडी होती, पण ती मी घेतलेली नव्हतीच. पिशवी बांधताना एक पळालं म्हणून विक्रेत्याने त्याच्या जागी हाताला लागलं ते टाकलं होतं.

आता यातलं गणित. पिल्लाचं नर-मादी होणं म्हणजे जवळपास नाणं उडवणं. आठ पिल्लं म्हणजे आठ नाणी, छापा-काट्याच्या 256 जुळण्या. सगळेच कोंबडे अशी जुळणी एक. एकच कोंबडी अशा जुळण्या आठ, कारण ती आठांपैकी कुठलीही असू शकते. मिळून नऊ. 256 पैकी 9 म्हणजे साडेतीन टक्के. शंभर जणांनी आठ-आठ पिल्लं घेतली तर तिघा-चौघांच्या वाट्याला माझ्यासारखं येणारच, त्यात अशक्य काही नाही. पण आमच्या खात्यात साडेतीन टक्क्यांचा प्रकार टेबलावर आला की आधी सप्लायरला फोन जातो, नशिबाचा विचार नंतर. पहिला प्रश्न असतो, हा लॉट आमच्याकडे यायच्या आधी कोणी वेचलाय का? एखाद्या बॉक्समधून चांगले नग दुसऱ्या कस्टमरला गेले असतील तर उरलेल्याची सरासरी कागदावरच्या सरासरीशी जुळणार कशी?

दीड महिन्याच्या पिल्लाला तुरा फुटायला लागलेला असतो. नराचा लवकर वाढतो, लाल होतो. गावातली प्रत्येक बाई ते ओळखते. सकाळी सातला बाजार लागला तेव्हा त्या क्रेटमध्ये कदाचित खरंच निम्मे-निम्मे होते. दीडपर्यंत जेवढ्या बायका येऊन गेल्या तेवढ्यांनी बारीक तुऱ्याची उचलून नेली. विक्रेता खोटं बोलला असंही म्हणता येत नाही, तो सकाळचं दुपारी सांगत होता. आणि त्या उरलेल्यातून मी ताठ मानेची, जाड पायाची, चोच मारणारी निवडली, म्हणजे जे काही थोडं शिल्लक होतं तेही गाळलं. दोन गाळण्या, एक दुसऱ्यांची, एक माझी.

तेव्हा माझ्या डोक्यात ती रंगीत पिल्लं परत आली.

आमच्या डिस्पॅचमधल्या एकाचा मेहुणा पुण्याच्या पुढे अंड्यांच्या कोंबड्यांच्या हॅचरीत आहे. मागच्या दिवाळीनंतर त्याच्याकडे गेलो होतो. आत जायला अंघोळ, त्यांचेच कपडे, गमबूट औषधाच्या पाण्यात. एका लांब टेबलाशी सात-आठ मुली बसलेल्या, समोर त्याच दिवशी फुटलेली पिल्लं. डाव्या हातात पिल्लू, उजव्या हाताच्या दोन बोटांनी पंख पंख्यासारखा उघडायचा, बघायचं, टाकायचं. एका पिल्लाला दोन सेकंदही नाहीत. मला एकीने हात थांबवून दाखवलं. पंखाच्या कडेला पिसांच्या दोन ओळी असतात, खालची आणि वरची. मादीच्या दोन ओळींत एक लांब, एक आखूड असं स्पष्ट दिसतं, कंगव्याचे दात एकाआड एक तोडावेत तसं. नराच्या दोन्ही ओळी सारख्याच, किंवा वरची थोडी पुढे. एकदा बघितलं की दिसतं. एक-दोन दिवसांनी मात्र दिसत नाही, पिसं वाढून फरक बुजतो.

मादी डावीकडे, लसीच्या मशीनकडे. नर उजवीकडच्या क्रेटमध्ये. त्या क्रेटचं काय होतं विचारलं तर मेहुणा म्हणाला, काही व्यापारी घेऊन जातात. रंगवून विकतात.

म्हणजे स्टेशनबाहेरच्या टोपलीत नाणं उडतच नव्हतं. नाण्याला दोन्हीकडे छापा होता. अंड्यासाठी घडवलेल्या जातीचा नर अंडं देत नाही हे उघड आहे, पण तो मांसही धरत नाही. खाद्य खातो आणि उंच होतो. त्याला बाजारात किंमत शून्य, म्हणून जगभर हे नर पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून त्याला कायद्याने बंदी घातली, आता तिथे अंड्यात असतानाच नर-मादी ओळखणारी यंत्रं लागली आहेत. आपल्याकडे त्यातले काही गुलाबी होऊन दहा रुपयाला पोरांच्या हातात येतात. मुलीला हे कसं सांगावं याचा मी विचार करत होतो, तर तिने आधीच कुठेतरी बघितलं होतं.

पुढे तिसरा लॉट आल्यावर मी आमच्या पिल्लांवर पंखाचा प्रयोग केलाच. ट्यूबलाइटखाली, चष्मा लावून. काही कळलं नाही. कारण नंतर समजलं. ती खूण सगळ्या जातींत नसते, तसा संकर मुद्दाम जुळवावा लागतो. हा भाग मला फार आवडला म्हणून जरा थांबतो.

माणसात मुलगा की मुलगी ते बापाकडून ठरतं. कोंबडीत उलटं. कोंबड्याकडे झेड-झेड अशी सारख्याच गुणसूत्रांची जोडी असते, कोंबडीकडे झेड आणि डब्ल्यू. कोंबडीने अंड्यात झेड टाकला की नर, डब्ल्यू टाकला की मादी. म्हणजे आईचा झेड फक्त लेकांना जातो, लेकींना झेड मिळतो तो बापाचा. आता पिसं सावकाश वाढवणारा गुण याच झेडवर बसलेला आहे, आणि तो पटकन वाढवणाऱ्या गुणावर मात करतो. सावकाश पिसांची आई आणि पटकन पिसांचा बाप घेतला, की सगळे लेक आईसारखे सावकाश आणि सगळ्या लेकी बापासारख्या पटकन. पहिल्या दिवशी पंख उघडा, वाचा. पट्टेरी पिसांचा गुणही असाच झेडवर आहे, त्यामुळे तांबडा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडी यांची पिल्लं फुटली की नराच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. दारात फिरणाऱ्या गावरानात असं जुळवलेलं काहीच नाही, तिथे पंख उघडून पंखच दिसतो.

हे आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. माझ्या मोठ्या काकूला तीन मुली. तिला त्यावरून आयुष्यभर ऐकावं लागलं आणि ऐकवणाऱ्यांत आमची आजी पुढे होती. आई म्हणाली, कोंबडीला बोलायला पाहिजे होतं, ते सोडून त्या बिचारीला बोलले. मग उठून भाकऱ्या टाकायला गेली.

तिसरी पद्धत जपानी. पिल्लू उलटं धरून, शेपटीखालचं भोक अंगठ्याने हलकेच उलगडून आत टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा आहे का बघायचं. कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1920 च्या दशकात ती बसवली, आणि पुढे जपानी माणसं या कामासाठी देशोदेशी जाऊ लागली. तयार माणूस तासाला हजारभर पिल्लं बघतो आणि क्वचित चुकतो. माझ्या चुलतभावाने मोबाईलवर व्हिडिओ बघून दोन पिल्लांवर हे केलं, दोन्ही संध्याकाळपर्यंत मेली. जास्त दाब पडला की आतडं फाटतं. करू नका, एवढंच सांगतो.

तर तिसरा लॉट. अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी, यावेळी एक दिवसाची पिल्लं, थेट हॅचरीतून, चाळीसला एक. फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. तुमच्याकडे नर-मादी वेगळी करतात का? तो म्हणाला, गावरानात कोण करतो, पेटीत येतील तशी भरतो. आणि माझ्या आधी कोणी निवडून नेतं का? तो हसला. म्हणाला, एका दिवसाच्या पिल्लात काय निवडणार?

हेच ऐकायचं होतं. गावरान, वनराज, गिरिराज अशा जाती न निवडता विकायला परवडतात, कारण त्यातला कोंबडाही विकला जातो, बहुतेक वेळा कोंबडीपेक्षा महाग. म्हणून तिथे पेटी न वेचलेली मिळू शकते. ज्या जातीत नराला किंमत नाही, तिथे कोणी तुम्हाला "मिक्स" देत असेल तर तो तुम्हाला मिक्स का देतोय हा प्रश्न आधी.

किती घ्यायची? आम्हाला कोंबड्या चार हव्या होत्या. गावरान रोज घालत नाही, चार असल्या तर घरात रोज एक-दोन अंडी दिसतात. मुलगी दहावीला, तिला संभाव्यतेचा धडा आहेच, म्हणून तिलाच एक्सेल करायला लावलं. आठ पिल्लं घेतली तर सरासरी चार कोंबड्या, म्हणून आठ पुरतील असं वाटतं ना? आठात चार किंवा जास्त निघण्याची शक्यता फक्त 64 टक्के. तीनातला एक माणूस रडणार. दहा घेतली तर 83. बारा घेतली तर 93. मुलगी म्हणाली, म्हणजे चार हव्यात तर बारा घ्यायची? हो. आणि वर मरणारी वेगळी. मी मरणारी धरायला विसरलो. बाराच आणली.

एक चौथ्या दिवशी गेलं. रात्री लाईट गेली, बल्ब बंद, बाकीची एकमेकांवर चढली, ते खाली दबलं. एप्रिलच्या शेवटी घणसोलीत कोणाला थंडी वाजेल असं वाटत नाही, पण पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीस अंशांच्या आसपास लागतं आणि फरशी गार होती. दुसरं महिन्याचं असताना मुंगूस घेऊन गेलं. गावठाणात अजून मुंगसं आहेत, हे कळून खरं तर थोडं बरंच वाटलं. राहिली दहा. म्हणजे माझी 93 टक्क्यांची शक्यता 83 वर आली.

आईच्या दोन परीक्षा आहेत. एक अंड्यावरून, लांबट टोकदार असलं तर कोंबडा, गोल असलं तर कोंबडी. अंडी आमच्याकडे नव्हतीच. दुसरी, पिल्लाला मानेच्या कातडीने उचलायचं. पाय पोटाशी घेतले तर कोंबडी, सरळ लोंबत सोडले तर कोंबडा. मी म्हटलं, चल, करूच. तिने बाराही उचलून बघितली आणि मी वहीत टायच्या रंगापुढे "आ" असा रकाना करून तिचं मत लिहून ठेवलं. आज दहापैकी नऊ जणांचं पक्कं कळलंय. आईचं बरोबर आलं पाच वेळा. नाणं उडवून लिहिलं असतं तरी साधारण एवढंच आलं असतं.

"तू पिल्लू नीट धरून दिलं नाय," आई म्हणाली.

मात्र सहा आठवड्यांनंतर तिची नजर माझ्या व्हर्नियरला भारी आहे हे कबूल. व्हर्नियरचा हिशेब असा. पाचव्या आठवड्यात निळा टाय 3.1 मिलिमीटर, लाल टाय 3.4. काही अर्थ नाही, एवढा फरक पिल्लू मान हलवल्यानेही येतो. सातव्या आठवड्यात निळा 4, लाल 11. आणि लालचा तुरा खरंच लाल, गळ्याखालच्या पाळ्या सुटलेल्या, निळीचा फिकट पिवळट. यंत्राची गरजच नाही. पण आईने हेच सहाव्या आठवड्यात, दारात उभं राहून, हातात सूप असताना सांगितलं होतं. कसं ओळखलंस विचारलं तर म्हणाली, चालतो कसा बघ ना. मी चाल मोजायचं काही उपकरण कंपनीत आहे का ते बघतोय. (कडकनाथ असता तर आमचा निम्मा आधार गेला असता, त्याचा तुराच काळपट. लाल होण्याची वाट बघत बसलो असतो.)

दहाव्या आठवड्यात लाल टाय आरवला. आरवला म्हणणं म्हणजे लाज वाचवणं आहे, फाटक्या बिगुलात कोणीतरी फुंकल्यासारखा आवाज. पहाटे चार. चुलतभावाच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी दोन पोरं ऐरोलीच्या आयटी पार्कमधून नाइट शिफ्ट करून तेव्हाच झोपायला येतात. एक जण खाली आला, फार नम्रपणे म्हणाला, "काका, याला स्नूझ नाही का?" तेव्हापासून रात्री कोंबडे डालग्याखाली, वर गोणपाट. अंधार असला की अर्धा-पाऊण तास उशिरा ओरडतात. तेवढंच.

मधल्या काळात चुलतभावाने सल्ला दिला तो सांगायचा राहिला. सातव्या आठवड्यात पहिली चार पिल्लं कळली, चारही कोंबडे. तो म्हणाला, आता बघ, पुढचे सगळे कोंबड्या. चार झाले ना, आता उलटणार. हा माणूस तरुणपणी मटक्याचे आकडे याच हिशेबाने लावायचा. तीन दिवस सत्ता आला नाही म्हणजे आज येणार. पिल्लाला काय माहीत शेजारचं पिल्लू काय निघालं? प्रत्येकाचं अंड्यात असतानाच ठरलंय, आपल्याला फक्त उशिरा कळतंय. आणि कोंबडे आधी कळतात, कारण त्यांचा तुरा आधी वाढतो. म्हणजे सुरुवातीला निकाल कोंबड्यांच्या बाजूने झुकलेला दिसणारच, आणि नंतर उलटल्यासारखा वाटणारच. त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, मग मी बरोबरच बोललो ना! पुढच्या पाचात चार कोंबड्या निघाल्या, त्यामुळे आता त्याच्याशी बोलून उपयोग नाही.

आजचा ताळा. पाच कोंबडे नक्की. चार कोंबड्या नक्की. कोंबड्या अंड्यावर यायला अजून तीन-चार महिने आहेत, गावरानाला घाई नसते. खर्चाचा रकाना मी बायकोला दाखवलेला नाही. गावातल्या एका मावशीकडे अंड्यावर येऊ घातलेली तलंग साडेचारशेला मिळते, उचलून आणायची, शक्यता-बिक्यता काही नाही. आईने हे पहिल्या दिवशी सुचवलं होतं. पण पाच नरांचे पैसे धरले तर माझंच गणित स्वस्त पडतं, असं मी म्हणतो. गटारी जवळ आली आहे, गावरान कोंबड्याला या दिवसांत कोणी भाव विचारत नाही, नुसतं कधी देतोस विचारतात. दोन घरी, एक मामाकडे, एक एकवीरेला जाताना, एक चुलतभावाला, कारण त्याचं भाकीत खरं ठरलं.

राहिला पिवळा टाय, सात नंबर. आठव्या आठवड्यात तुरा साडेसहा मिलिमीटर. नरांचे तेव्हा बारा ते पंधरा होते, त्यांच्या बहिणींचे चार ते पाच. हा मधेच. तुरा गुलाबी, लाल नाही, फिकटही नाही. पाय जाड, पण चाल दबकी. आरवत नाही. भांडण झालं की आधी पुढे येतो, मग मागे सरतो. व्हर्नियरने सलग चार रविवार मला काहीही सांगितलेलं नाही. आई म्हणते कोंबरा. बायको म्हणते कोंबडी. गटारीच्या यादीत आईने सहा धरलेत, मुलीने पाच, आणि यावरून घरात दोन दिवस कुरकुर चालू आहे.

आज बारावा आठवडा संपला. या वयाला कोंबड्याच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार, चकचकीत पिसं यायला लागतात, कोंबडीची तिथली पिसं गोल टोकाची राहतात. सकाळी पावसाची झड होती, पिवळ्याला पडवीत घेऊन पाठ विंचरल्यासारखी उलगडली. सगळी गोल. फक्त उजव्या बाजूला, अगदी आत, एक टोकदार पीस दिसलं, ओलं, तांबूस. मी मुलीला म्हटलं, लिही, कोंबडा.

तिने पेन उचललं नाही. "पप्पा, एक पीस म्हणजे काय सॅम्पल झालं का?"